लहान पेट शॉप सुरू करणं आणि चालवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं पेट शॉप २०१७पासून आहे. दुकान लहान, दोनच माणसांचं. दुकान काढायचा विचार करणारी मंडळी येऊन बसतात तेव्हा हे प्रश्न निघतात. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. मोठ्या शहरात भाडं आणि आकडे बदलतील, बाकी फारसं काही बदलत नाही.

पेट शॉप म्हणजे कुत्र्या-मांजरांची पिल्लं विकायची, असंच ना?

नाही. माझं ऐकाल तर पिल्लं ठेवूच नका.

सुरुवातीला आम्हीही ठेवली. पहिल्याच वर्षी एका कुटुंबाने आमच्याकडून लॅबचं, म्हणजे लॅब्रेडॉरचं, पिल्लू नेलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची जुलाब, आणि सातव्या दिवशी ते गेलं. पार्व्हो होता, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात. म्हणजे संसर्ग बहुधा पिल्लू त्यांच्या घरी जायच्या आधीच झाला होता, कदाचित आमच्याच पिंजऱ्यात असताना. आठवड्याने त्या घरचे गृहस्थ आले. उरलेलं खाद्याचं पाकीट घेऊन आले होते, तोंड रबरबँडने नीट बांधलेलं. पैसे नकोत म्हणाले, कुणाला तरी द्या. मी ते काउंटरवर ठेवलं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाकीट आधी फेका आणि दुकान धुऊन काढा. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, बुटांच्या तळाला महिनोन् महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. एका भागाला ३० भाग पाणी असं ब्लीच घालून आम्ही दोन दिवस फरशी, पिंजरे, फळ्या धुतल्या. त्यानंतर पिल्लू आणलं नाही.

कायदाही सोपा नाही. केंद्र सरकारचे २०१८चे पेट शॉप नियम आहेत, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदरांच्या जाती, पिंजऱ्यातले पक्षी यांतलं काहीही विकायचं तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फी ५,००० रुपये, मुदत ५ वर्षं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि प्रत्येक जनावराची नोंद ठेवावी लागते. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना २०१७चे वेगळे नियम आहेत. तुमच्या दुकानात पिल्लं विकायला आणून देणाऱ्या माणसाकडे त्यातला एक तरी कागद आहे का, ते विचारून पाहा.

कुणाला पिल्लू हवंच असेल, तर आम्ही दत्तक देणाऱ्या कार्यकर्त्यांचा नंबर देतो. पिल्लू तिकडून येतं, पण त्याचं खाद्य, पट्टा, भांडी आमच्याकडूनच जातात.

मग दुकान चालतं कशावर?

पोत्यावर. म्हणजे दर महिन्याला परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

हिशेब बघा. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला दहा ते बारा किलो. लॅब दहा-बारा वर्षं जगतो. एका पिल्लावर एकदा मिळणारा नफा आणि दहा वर्षं दरमहा जाणारं पोतं, यांत मोठं काय हे सांगायला नको. मांजरांचंही तसंच. फ्लॅटमध्ये मांजर पाळणारे वाढलेत आणि त्यांना कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीची वाळू, लागतंच लागतं. दहा किलोची बॅग तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवायची कुणाला हौस नसते. आम्ही पोचवतो.

याचा पाया आमची वही आहे. दोनशे पानी लांब वही, प्रत्येक जनावराला एक पान. वर जनावराचं नाव, खाली मालकाचं. जात, जन्म महिना, वजन, काय खातं, काय सोसत नाही, शेवटचं पोतं कधी नेलं. एका पानावर लिहिलंय : ‘शेरू, बीगल, १४ किलो, चिकन दिलं की खाजवतो, लॅम्बच द्यायचं, मार्चमध्ये १६ झाला होता.’ पोतं संपायच्या चार दिवस आधी फोन जातो. आता कॉम्प्युटरही आहे, पण बोलता बोलता लिहायला वहीच बरी. गिऱ्हाइकाला आपण त्याच्या कुत्र्याचं नाव घेऊन विचारलं की काय वाटतं, ते तुम्हाला स्वतः बघायला मिळेल.

भांडवल किती लागतं?

२०१७ साली आमचे साडेतीन लाख गेले. डिपॉझिट ६०,०००, रॅक आणि लाईट ७०,०००, पहिला माल १,६०,००० आणि हातात ६०,०००. आज त्यात सहज दीडपट धरा. पण हातातली रक्कम कमी करू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. सगळा पैसा फर्निचरमध्ये घालतात आणि दुसऱ्या महिन्यात डिस्ट्रिब्युटरला द्यायला काही उरत नाही.

बँकेचं कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेत किशोर गटाखाली ५०,००० ते ५ लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधी करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

दर महिन्याला किती विक्री झाली म्हणजे दुकान तगलं?

आमचा सुरुवातीचा हिशेब असा होता. भाडं ९,०००, मदतनीस १०,०००, लाईट २,५००, फोन-पेट्रोल-किरकोळ १,५००. झाले २३,०००. खाद्याच्या पोत्यावर आम्हाला दहा ते पंधरा टक्के सुटतात, पट्टे-भांडी-खेळण्यांवर पस्तीस ते पन्नास. सगळं मिळून सरासरी वीस टक्के धरली तर १,१५,००० विक्री झाल्यावर फक्त खर्च भागतो. म्हणजे दिवसाला साधारण ३,८००. घरी न्यायचा रुपया त्यानंतर सुरू होतो. आम्हाला इथवर यायला अकरा महिने लागले. तेवढे महिने घर दुसऱ्या कमाईवर चालेल अशी सोय आधी बघा.

कोणकोणती लायसन्स लागतात?

जिवंत प्राणी ठेवणार नसाल तर काम फार नाही. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद. एक-दोन माणसांच्या दुकानाला २०१७च्या कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि इतर लिपीतली अक्षरं तिच्यापेक्षा मोठी चालत नाहीत. पालिकेचा परवाना लागतो का ते तुमच्या वॉर्डात विचारून घ्या. वजनकाटा वापरणार असाल तर तो वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा.

जीएसटीचं काय?

मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, फक्त परराज्यात विक्री करायची नाही. कुत्र्या-मांजराच्या पॅकबंद खाद्यावर १८ टक्के जीएसटी आहे. हे ऐकून लोक चकित होतात, पण एमआरपीत तो धरलेलाच असतो. उलाढाल वाढली की नेहमीची नोंदणी घ्यायची की कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना), हे सीएसमोर आपली खरी बिलं ठेवून ठरवा.

जागा कशी निवडावी?

मुख्य बाजारपेठ नको. गाडी दोन मिनिटं दारात उभी राहील अशी जागा हवी, कारण वीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन कुणी पार्किंग शोधत नाही. जनावरांचा दवाखाना जवळ असेल तर उत्तम. आणि तळमजलाच घ्या.

पहिला माल काय भरू?

कमी. डिस्ट्रिब्युटरचा माणूस स्कीम घेऊन येतो, दहावर एक फ्री, पन्नासवर सहा फ्री. नव्या दुकानदाराला वाटतं, फायदाच आहे. पण ती पन्नास पाकिटं विकायची तुम्हाला, आणि त्यावर एक्सपायरी छापलेली आहे. पहिल्या महिन्यात पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, व्हिस्कास असे चालणारे पाच-सहा ब्रँड आणि त्यांतही तीन किलोच्या आतली पाकिटं जास्त ठेवा. मोठी पोती मागणीप्रमाणे आणा. डिस्ट्रिब्युटर गावातला असेल तर दुसऱ्या दिवशी मिळतात.

माल घेण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या : एक्सपायरी परत घेणार का, किती महिने आधी कळवायचं, आणि क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे वळते करणारा कागद, किती दिवसांत. तोंडी ‘घेऊ की’ म्हणणारा माणूस वर्षभराने कंपनी सोडून गेलेला असतो. आमचे आठ हजार असेच बुडाले.

कपडे, गॉगल, बूट यांत पैसे घालू नका. पट्टा, हार्नेस, साखळी, स्टीलची भांडी, केस काढायचा ब्रश, पी-पॅड (घरात लघवीसाठी अंथरायचे), नखं कापायची कात्री, चावायची रबरी खेळणी एवढं पुरे. पट्टा विकताना मात्र जनावर दुकानात आणायला सांगा किंवा मानेचं माप दोरीने घेऊन यायला सांगा. पट्टा घातल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. पिल्लाला घातलेला पट्टा वाढत्या मानेत रुतून जखम झालेली मी बघितलीय, आणि ती बघवत नाही.

सुटं खाद्य विकावं का? गिऱ्हाईक मागतं.

मागतं, कारण स्वस्त पडतं. आम्ही बंद केलं. फोडलेल्या पोत्यातल्या चरबीला हवा लागली की महिन्याभरात ते खवट होतं. वास बघायचा असेल तर मूठभर दाणे तळहातावर चोळा. चांगल्या खाद्याला भाजल्यासारखा वास येतो, खवट झालेल्याला जुन्या तेलाचा. कुत्रं ते तोंडात धरून खाली टाकतं आणि मालक समजतो की लाडावलंय. शिवाय कुठली बॅच, कधीची एक्सपायरी, काहीच सांगता येत नाही. आपणच भरून छोटी पाकिटं करायची तर पॅकर म्हणून वैधमापनची नोंदणी आणि लेबलवर सगळा तपशील लागतो. त्यापेक्षा कंपनीचं चारशे ग्रॅमचं पाकीट बरं.

पावसाळ्यात माल कसा सांभाळायचा?

पोती भिंतीला टेकवायची नाहीत, जमिनीवर ठेवायची नाहीत. लाकडी पॅलेट, भिंतीपासून चार बोटं जागा. जुनं पुढे, नवं मागे. पोत्याच्या शिवणीत पोरकिडे दिसले तर ते पोतं त्याच क्षणी दुकानाबाहेर, नाहीतर आठवड्यात शेजारची चार जातात. उंदीर हा खाद्याच्या नुकसानीपुरता प्रश्न नाही. त्यांच्या मुतातून लेप्टो होतो, माणसाला आणि कुत्र्याला दोघांनाही. रोज रात्री खालची फरशी रिकामी आणि कोरडी पाहिजे.

ऑगस्ट २०१९च्या पुरात आमचं दुकान मारुती रोडच्या बाजूला होतं. पाणी येणार म्हणून आम्ही माल वरच्या फळ्यांवर चढवला होता. पाणी फळ्यांच्याही वर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हा दाणे फुगून पोती फुटली होती आणि सगळीकडे आंबलेला लगदा होता. विमा नव्हता. आता दुकान विश्रामबागला आहे आणि मालाचा विमा आहे, पॉलिसीत ‘पूर’ हा शब्द वाचून घेतलेला. तुमचं गाव नदीकाठी असेल तर तो शब्द स्वतः वाचा.

ऑनलाइनवाले वीस टक्के सूट देतात. आपण कसे टिकणार?

सूट देण्यात त्यांच्याशी लढू नका, आपल्याला मिळतात त्यापेक्षा जास्त टक्के ते सोडतात. रोजच्या गिऱ्हाइकाला आम्ही मोठ्या पोत्यावर चार-पाच टक्के देतो आणि तिथे थांबतो. काही जण गेले. त्यांतले बरेच परत आले, कुणी चुकीच्या वयाचं खाद्य मागवून, कुणी दोन महिन्यांत संपणारी एक्सपायरी हातात पडल्यावर.

आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. नवं खाद्य सुरू करताना जुन्यात थोडं थोडं मिसळत सात-आठ दिवसांत बदलायचं, हे तोंडाने सांगणारा माणूस. जनावराने तोंड लावलं नाही तर बदलून द्यायची तयारी. रात्री नऊला ‘लिटर संपलंय हो’ म्हणून आलेला फोन. हे सगळं मनापासून करणार असाल तरच या धंद्यात या.

औषधं ठेवता येतात का?

लायसन्स नसेल तर नाही. जनावरांची औषधंसुद्धा १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. जंताच्या गोळ्या, अँटिबायोटिक, इंजेक्शनं शेजारचं दुकान विकतं म्हणून तुम्ही विकू नका.

आणि सल्लाही देऊ नका. हे फार जपा. गिऱ्हाईक डॉक्टरांकडे जायच्या आधी तुमच्याकडे येतं, कारण तुम्ही जवळचे आणि फुकटचे. एक बाई मांजराला ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देऊ का, असं विचारत आल्या होत्या. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, अर्ध्या गोळीनेही जीव जातो. त्यांनी विचारलं हे नशीब. तसंच गोचिडांवरची कुत्र्यांची काही औषधं. ज्यात परमेथ्रिन असतं ते मांजराच्या अंगाला लागता कामा नये. कुत्रं-मांजर एकाच घरात असेल तर मी हे दोनदा सांगतो.

आमच्या काउंटरमागे मोठ्या अक्षरांत लावलंय : पिल्लाला उलटी आणि रक्ताची जुलाब, बोक्याला लघवी होत नाही, पोट फुगलंय, यांत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. खाली दोन डॉक्टरांचे आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर.

आमच्या घरी मांसाहार चालत नाही. मांजराला शाकाहारी काय द्यायचं?

आमच्या भागात जैन आणि इतर शाकाहारी घरं बरीच, त्यामुळे हा प्रश्न आठवड्याला एकदा येतो. नव्या दुकानदाराने तो नीट समजून घ्यावा. मांजराचं शरीर टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतून येतं. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. दूध-पोळीवर वाढवलेलं मांजर वरून गुबगुबीत दिसतं आणि आतून खंगत जातं. कुत्र्याचं तसं नाही, त्याला नीट बांधलेला शाकाहारी आहार चालू शकतो.

मी लोकांना त्यांचा धर्म सोडायला सांगत नाही. कोरड्या दाण्यांना हात न लावता घालता येतं, भांडं वेगळं, जागा गॅलरीत, असं बऱ्याच घरांनी स्वीकारलंय. तेही जमणार नसेल तर मांजराऐवजी ससा पाळा म्हणून सांगतो, आणि मांजराचं खाद्य विकत नाही.

पोपट, कासव, मुनिया यांना मागणी आहे. ठेवू?

मुळीच नाही. आपला हिरवा कंठवाला पोपट, मुनिया, चांदणी कासव हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. विकणं तर सोडाच, घरात ठेवणंही गुन्हा आहे आणि कैद होऊ शकते. लोक ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतं. ते आणि कॉकाटील परदेशी जातीचे, त्यांना बंदी नाही, पण ते विकायचे तर वर सांगितलेली पेट शॉपची नोंदणी लागते. आफ्रिकन ग्रे किंवा फिशर लव्हबर्ड घरी असेल तर २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. असा पक्षी पाळणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला हे सांगा, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मासे?

२०१८च्या नियमांतल्या व्याख्येत माशांचं नाव नाही, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. मला विचाराल तर एक टाकी नीट चालवून शिका, मग विका. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे शनिवारी टाकी, रविवारी वीस मासे, आणि पुढच्या रविवारी सगळे उलटे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही घालवावं लागतं. लाईट जाते त्या भागात बॅटरीवरचा पंप हवा. आणि गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश देऊ नका. तो वाढणारा, भरपूर घाण करणारा मासा आहे, भांड्यात तो तडफडतच जगतो.

उधारी द्यावी का?

भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्यांना आम्ही देतो, इतरांना नाही. ही माणसं स्वतःच्या पगारातून महिन्याला दोन-दोन पोती नेतात आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातात. त्यांना पोतं खरेदीच्या भावात, आणि रात्री चमकणारे रेडियमचे पट्टे फुकट. बायपासवर त्या पट्ट्यांनी कुत्री वाचतात. आजवर यांतल्या एकानेही पैसे बुडवले नाहीत.

मदतनीस कसा शोधावा?

जनावरांना न घाबरणारा. बाकी सगळं शिकवता येतं. लागल्याबरोबर त्याला रेबीजची प्रतिबंधक लस द्या, खर्च तुमचा. दुकानात येणारं कुत्रं कितीही ओळखीचं असलं तरी कधीतरी दात लागतोच. लागला की पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात. आधी लस घेतलेली असली तरी जायचंच.

ग्रूमिंग, बोर्डिंग सोबत सुरू करू का?

पहिल्या वर्षी नको. दुसऱ्याचं जनावर रात्रभर सांभाळणं ही वेगळी जबाबदारी आहे आणि तिला वेगळी जागा लागते.

गिऱ्हाइकाचं जनावर गेलं तर वहीतल्या पानाचं काय करायचं?

हा प्रश्न एका मुलीने विचारला होता, आणि तो अगदी व्यवहाराचा आहे. पोतं संपायची तारीख उलटून दहा दिवस झाले आणि माणूस आला नाही, तर आपोआप जाणारा मेसेज पाठवू नका. स्वतः फोन करा आणि आधी ‘कसा आहे?’ एवढंच विचारा. बऱ्याचदा कळतं ते तिथेच. मग त्या नंबरावर ऑफर, वाढदिवस, काही जाऊ द्यायचं नाही. न फोडलेलं पोतं घरी असेल तर आम्ही जाऊन घेऊन येतो आणि पूर्ण पैसे देतो, बिल कितीही जुनं असो. पान फाडत नाही, वर तारीख लिहितो. फोडलेलं पोतंही लोक देतात. जनावर आजाराने गेलं नसेल, तर ते त्याच दिवशी भटक्यांना घालणाऱ्यांकडे जातं.